टाकाऊ काडाचा इतिहास : धिंगरी अळिंबीच्या निमित्ताने

अळिंबी लागवडीवरील बहुतेक लेखनात शेतातील काड, पेंढा, पाचट यांना सरसकट 'टाकाऊ' म्हटले जाते. हे विशेषण इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, हे पाहण्याचा प्रस्तुत निबंधात प्रयत्न केला आहे.

पॅरिसच्या परिसरात सतराव्या शतकापासून पांढरी बटन अळिंबी घोड्याच्या लिदीवर घेतली जात असे. वनस्पतिशास्त्रज्ञ तुर्नफोर याने १७०७ मध्ये या पद्धतीचे वर्णन केले. म्हणजे मूळ माध्यम शहरातील तबेल्यांचे होते. भारतात सोलन येथे १९६१ मध्ये या अळिंबीची योजना सुरू झाली, तेव्हा थंड हवा आणि कुजवलेले कंपोस्ट या तिच्या अटीही सोबत आल्या. त्या पुरवणे सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

भाताच्या पेंढ्याचा मार्ग निराळा. कोइमतूर येथे १९४३ मध्ये पेंढ्यावरील अळिंबीची लागवड यशस्वी झाली. पुढे १९६२ मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत बानो व श्रीवास्तव यांनी धिंगरीची एक जात पेंढ्यावर वाढविली. धिंगरी लाकडातील लिग्निन व सेल्युलोज स्वतःच विघटित करते; त्यामुळे कंपोस्टची गरज उरत नाही. पेंढा बारीक तोडून भिजवावा, गरम पाण्यातून काढावा, निथळल्यावर पिशवीत थर देत बियाणे पेरावे, एवढेच. १९७४ मध्ये जांडाइक यांनी हिमालयाच्या पायथ्याशी आढळलेल्या एका धिंगरीची नोंद 'साजोर-काजू' या नावाने केली. या नावाने लागवडीत असलेली जात वस्तुतः 'पल्मोनेरियस' असल्याचे पुढे दिसून आले. शेतकऱ्यांचे मात्र त्यामुळे काही अडले नाही.

आता 'टाकाऊ' या शब्दाकडे वळू. ज्या महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात चाऱ्याअभावी जनावरे कवडीमोलाने विकावी लागली, तेथे कडबा व पेंढा टाकाऊ कधीच नव्हते. कोकणात तर पेंढ्याने घरेही शाकारली जात. पेंढा जाळण्याचा प्रश्न मुख्यतः पंजाब-हरियाणातील यांत्रिक कापणीतून उद्भवला. तेथील निकष येथे जसाच्या तसा लावला, तर अळिंबीची पिशवी आणि गोठ्यातील गव्हाण एकाच पेंढ्यासाठी स्पर्धा करू लागतील. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे आधी विचार व्हावा तो फडात पेटवल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटाचा आणि सोयाबीनच्या कुटाराचा. धिंगरी दोन्हींवर येते. शिवाय अळिंबी काढून उरलेला चोथा खत म्हणून त्याच शेतात परत घालता येतो.