संग्रह-वर्गाची घडण आणि व्याघ्रगणनेचा दाखला

सिपना नदीच्या काठी, परतवाडा-धारणी मार्गावर वसलेले सेमाडोह हे मेळघाट व्याघ्रप्रकल्पातील गाव होय. १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प स्थापन झाले, त्यांत मेळघाटचा समावेश होता. त्या काळी वाघांची गणना पावलांच्या ठशांवरून होत असे. ठशांची यादी करणे सोपे, वाघांची यादी करणे मात्र कठीण. कारण एकाच वाघाचे दहा ठसे उमटले, तरी त्याची मोजदाद एकदाच व्हावयास हवी. संगणकशास्त्रात संग्रह-वर्गाच्या रचनेच्या मुळाशीही हाच प्रश्न आहे.

ऑस्लो येथील डाल व नायगार्ड यांनी सिम्युला ६७ या भाषेत वर्ग व उपवर्ग या कल्पना प्रथम मांडल्या. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात सिद्ध झालेल्या स्मॉलटॉक-८० या भाषेत संग्रहांची एक वंशावळच उभी राहिली. तीतील ‘सेट’ समान वस्तू एकदाच ठेवतो, तर ‘बॅग’ ती किती वेळा आली हेही जपते. ठशांची नोंदवही ही बॅग होय. वाघांची गणना हा सेट होय.

तयार संग्रह पुरेसा न पडल्यास स्वतःचा वर्ग घडवावा लागतो. त्याचा सुलभ भासणारा मार्ग वारशाचा. त्यातील धोका जोशुआ ब्लॉक यांनी २००१ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिला. जावा भाषेतील हॅशसेटचा उपवर्ग करून घातलेल्या वस्तू मोजू गेल्यास, तीन वस्तू एकदम घातल्या असता बेरीज सहा भरते. अनेक वस्तू घालणारी मूळ क्रिया आतून एकेक वस्तू घालणाऱ्या क्रियेलाच पाचारण करते व मोजणी दोन्ही ठिकाणी होते. सबब वारसा न घेता मूळ संग्रह नव्या वर्गाच्या पोटात ठेवावा व आवश्यक तेवढ्याच क्रिया बाहेर उपलब्ध कराव्यात, हा उपाय होय. गॅमा व त्यांचे तीन सहकारी यांनी १९९४ सालीच हे तत्त्व प्रतिपादिले होते.

तथापि रचना निर्दोष असूनही ‘समान कोणास म्हणावे’ ही कसोटी चुकली, तर सेट व्यर्थ ठरतो. राजस्थानातील सरिस्का येथे कागदोपत्री वाघ असताना, २००५ साली तेथे एकही उरला नसल्याचे उघडकीस आले. २००६ च्या राष्ट्रीय गणनेत जुनी पद्धत सोडण्यात आली आणि अंगावरील पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतील अशा स्वयंचलित छायाचित्रांचा आधार घेण्यात आला. संग्रह-वर्ग रचणाऱ्यानेही समानतेची कसोटी आधी निश्चित करावी व मगच साठवणुकीचा विचार करावा, हे यावरून स्पष्ट होते.