शेजाऱ्याची भिंत आणि आपला उजेड : एका हरकतीचा इतिहास

१/ शेजाऱ्याने घर वाढवावयास काढले, तर आपणांस ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे काय? असल्यास कशाच्या बळावर? उजेड गेला म्हणून, खासगीपणा गेला म्हणून, की खिडकीतून दिसणारी टेकडी झाकली गेली म्हणून? इंग्लंडमध्ये या प्रश्नाचा लिखित माग आठशे वर्षांहून अधिक मागे जातो, आणि त्याची एक वाट मुंबईच्या चाळींपर्यंतही येते. #थ्रेड

२/ आरंभ लंडनपासून. पहिले महापौर हेन्री फिट्झ-एल्विन यांच्या काळातील, परंपरेने ११८९ सालची मानली जाणारी एक नियमावली आहे. दोन शेजाऱ्यांनी मिळून दगडी भिंत बांधावयाची, तर प्रत्येकाने आपली दीड फूट जागा सोडावी. भिंत तीन फूट रुंद आणि सोळा फूट उंच असावी. भिंत दोघांची, खर्चही दोघांचा. दाटीवाटीच्या लाकडी शहराला आगीपासून वाचविणे हा यामागील मोठा हेतू होता.

३/ तंटा झालाच तर? महापौर आणि आल्डरमन कचेरीत बसून निकाल देत नसत. ते स्वतः त्या जागेवर जात. सोबत शपथबद्ध गवंडी व सुतार असत. भिंत मोजली जाई, पन्हळीचे पाणी कोणाच्या अंगणात पडते ते पाहिले जाई, आणि दोषी ठरलेल्यास बहुधा चाळीस दिवसांची मुदत मिळे. या न्यायसभेची १३०१ ते १४३१ या काळातील दप्तरे आजही उपलब्ध आहेत. मध्ययुगीन शहराचा संसार प्रत्यक्ष पाहावयाचा असेल, तर राजांच्या बखरींपेक्षा ही दप्तरे अधिक बोलकी आहेत.

४/ १३४१ साली इसाबेल लूटर नावाच्या विधवेने या सभेपुढे एकाहून अधिक शेजाऱ्यांविरुद्ध गाऱ्हाणे मांडले. त्यांच्या खिडक्यांतून व झरोक्यांतून आपले खासगी व्यवहार दिसतात, ही तिची तक्रार. जमिनीपासून सोळा फुटांपेक्षा कमी उंचीवर असलेली, शेजारच्या आवारात उघडणारी खिडकी उपद्रव मानली जाई. त्याहून उंच खिडकीतून सहज डोकावता येत नाही, हा त्यामागील साधा हिशेब. खासगीपणाचा हक्क ही आधुनिक कल्पना आहे असे सरसकट मानणाऱ्यांनी हे दप्तर एकदा चाळावे.

५/ उजेडाची गोष्ट मात्र निराळी होती. जुन्या पायावर हवे तितके मजले चढविण्याची मुभा लंडनच्या रूढीने घरमालकास दिली होती, मग शेजाऱ्याच्या जुन्या खिडक्या अंधारात गेल्या तरी हरकत नसे. व्यापारी शहराने डोकावणाऱ्या डोळ्यास आवर घातला. वाढत्या इमारतीस घातला नाही.

६/ लंडनबाहेरचा कायदा दुसऱ्या दिशेने चालला होता. १६१० साली नॉरफोकमधील विल्यम ऑल्ड्रेड याने थॉमस बेंटन या शेजाऱ्यावर दावा लावला. बेंटनने ऑल्ड्रेडच्या घराला अगदी लागून डुकरांचा गोठा बांधला होता. दुर्गंधीने घरात राहणे अशक्य झाले, असे ऑल्ड्रेडचे म्हणणे.

७/ बचावाचा युक्तिवाद मासलेवाईक होता : डुकरे पाळणे माणसाच्या उदरनिर्वाहासाठी आवश्यक आहे, तो वास सहन होऊ नये इतके नाजूक नाक कोणी ठेवू नये! न्यायालयाने तो मानला नाही. ऑल्ड्रेड जिंकला.

८/ एडवर्ड कोक यांनी लिहिलेल्या या खटल्याच्या वृत्तान्तात घराला आवश्यक अशा चार गोष्टी येतात : वास्तव्य, राहणाऱ्याचा आनंद, उजेड आणि निरोगी हवा. पण चारही गोष्टी सारख्या मोलाच्या नव्हत्या. यॉर्क शहरातील १५८७ च्या एका खटल्याचा दाखला देऊन कोक सांगतात की, हवा आणि उजेड अडविला तर दावा चालेल. खिडकीतून दिसणारे सुंदर दृश्य झाकले गेले तर चालणार नाही. दृश्य ही आनंदाची बाब आहे, गरजेची नव्हे. या एका भेदाने पुढे असंख्य हरकती निकालात काढल्या.

९/ उजेडाचा हक्क पक्का झाला तो १८३२ च्या कायद्याने. वीस वर्षे अखंडपणे, कोणाच्या लेखी परवानगीने नव्हे तर आपसूक उजेड उपभोगला, की तो त्या खिडकीचा हक्क. विरुद्ध स्थानिक रूढी असली तरी ती चालणार नाही, असेही कलमातच लिहिले होते. म्हणजे लंडनची ती जुनी मुभाही संपली.

१०/ तरीही ‘उजेड’ म्हणजे किती उजेड? १९०४ साली लंडनच्या शोरडिच भागातील एका प्रस्तावित इमारतीचा तंटा हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. खालच्या अपील न्यायालयाने बांधकाम पाडण्याचा हुकूम दिला होता. लॉर्ड्सनी तो फिरविला. पूर्वी मिळे तेवढा सगळा उजेड मागता येणार नाही, सामान्य माणसाच्या कल्पनेप्रमाणे सुखाने राहण्यास व काम करण्यास पुरेल इतकाच मागता येईल, असे त्यांनी ठरविले. शहरे वाढणार, हे न्यायाधीशांनी ओळखले होते.

११/ हाच वीस वर्षांचा नियम भारतात १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १५ मधून आला. मुंबई इलाख्यास तो प्रथम लागू नव्हता. १८९१ साली लागू झाला. पण ज्या चाळकऱ्याच्या खोलीत उजेड कधी शिरलाच नाही, त्याने वीस वर्षांचा उपभोग कोठून दाखवावा? वहिवाटीवर उभा असलेला हक्क ज्याच्याकडे आधीच काही आहे त्याचेच रक्षण करतो.

१२/ प्लेगनंतर, १८९८ साली, स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाने म्हणूनच वेगळी वाट धरली. खोलीबाहेरची मोकळी जागा साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाने मोजावयाची. भूमितीत याचा अर्थ सोपा आहे : समोरची इमारत मधल्या अंतराच्या दुपटीहून उंच नको. येथे शेजाऱ्याची हरकत लागत नाही, कोनमापक पुरतो.

१३/ इंग्लंडने हीच दिशा देशभर घेतली ती १९४७ च्या नगररचना कायद्याने. १ जुलै १९४८ पासून घरमालकास, किरकोळ कामे वगळता, बांधकामापूर्वी स्थानिक संस्थेची परवानगी लागू लागली. गंमत अशी की या नव्या व्यवस्थेत शेजारी जवळजवळ नाहीसाच झाला. अर्ज मालकाचा, निर्णय संस्थेचा. शेजाऱ्यास कळवण्याचे सर्वसाधारण बंधन नव्हते.

१४/ १९६१ साली एसेक्समधील खडूच्या खाणीविरुद्ध शेजारचे जमीनदार न्यायालयात गेले, तेव्हा त्यांचा कोणताही कायदेशीर हक्क बाधित झालेला नाही, सबब ते ‘व्यथित व्यक्ती’ नव्हेत, असा निकाल मिळाला. धूळ शेजाऱ्याच्या शेतात, पण दाद मागण्याची पात्रता नाही! प्रत्येक अर्जाची प्रसिद्धी बंधनकारक होण्यास १९९१ च्या कायद्याची वाट पाहावी लागली.

१५/ आज इंग्लंडमधील हरकतपत्रात खासगीपणा, उजेड, अंगावर येणारी भिंत हे मुद्दे विचारात घेतले जातात. घराची किंमत घसरेल, हा मुद्दा घेतला जात नाही. आणि दृश्य? १५८७ मध्ये जे सांगितले गेले तेच उत्तर आजही मिळते.

१६/ २०१३ पासून मागील बाजूच्या मोठ्या एकमजली वाढीव बांधकामासाठी एक सुटसुटीत पद्धत आहे. स्थानिक संस्था लगतच्या शेजाऱ्यांना कळवते आणि किमान एकवीस दिवस थांबते. कोणी हरकत घेतली, तर शेजाऱ्यांच्या सुखसोयींवर होणारा परिणाम तपासला जातो. कोणीच काही लिहिले नाही, तर तो तपासलाच जात नाही.