जप्ती, अमानत, खालसा : वऱ्हाडच्या इतिहासलेखनातील एक शब्दगोंधळ

वाशिम परिसराच्या आधुनिक इतिहासावर मराठीतून लिहिणाऱ्या अभ्यासकास बहुतांशी इंग्रजी साधनांवर अवलंबून राहावे लागते. तहनामे, गॅझेटियर आणि महसुली कायदे ही त्यांतील प्रमुख साधने होत. राज्यसत्तेने एखाद्याची मालमत्ता हाती घेतली, हे सांगण्यासाठी या साधनांत सीझर, अटॅचमेंट, डिस्ट्रेंट, सीक्वेस्ट्रेशन, फॉरफीचर, कॉन्फिस्केशन, रिक्विझिशन, अ‍ॅनेक्सेशन असे निरनिराळे शब्द येतात. मराठीत उतरताना मात्र या सर्वांची रवानगी 'जप्ती' नावाच्या एकाच कोठारात होते. हा केवळ अनुवादकाचा आळस असता, तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु वऱ्हाडच्या बाबतीत एका संपूर्ण प्रांताच्या स्वामित्वाचा वाद अशाच एका शब्दावर जवळजवळ शतकभर चालला. शब्द बदलला की इतिहास बदलतो, अशी ही स्थिती आहे.

या शब्दांतील भेद ओळखावयाचा तर प्रत्येक वेळी काही प्रश्न विचारावे लागतात. मालकी गेली की केवळ ताबा गेला? कृती शिक्षा म्हणून झाली की वसुलीसाठी? वस्तू परत मिळण्याची वाट उघडी आहे काय? मोबदला देय आहे काय? सीझर म्हणजे निव्वळ ताबा घेणे. पुढे काय व्हावयाचे ते अजून ठरलेले नसते. अटॅचमेंटमध्ये मालकी मूळ धन्याचीच राहते, मात्र ती वस्तू विकण्याचा वा गहाण टाकण्याचा त्याचा अधिकार गोठतो. फॉरफीचर म्हणजे अट मोडल्यामुळे किंवा कसूर केल्यामुळे हक्क गमावणे. कॉन्फिस्केशन या शब्दाच्या पोटात लॅटिनमधील 'फिस्कस', म्हणजे राजाची थैली, खजिना, दडलेला आहे. 'सरकारजमा' हा आपला जुना शब्द त्याला नेमका लागू पडतो. तो सोडून 'अधिहरण' घडविण्याची गरज का भासावी, हे प्रस्तुत लेखकास उमगलेले नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १७६ मध्ये थकबाकी वसुलीचे मार्ग सांगितले आहेत. तेथे यांपैकी तीन शब्द एकाच यादीत भेटतात : थकलेल्या जमिनीचा भोगवटा फॉरफीट होतो, जंगम मालाचे डिस्ट्रेंट होते, स्थावर मालमत्ता अटॅच होते. सरकारजमा, अटकावणी आणि जप्ती असे तीन स्वतंत्र शब्द मराठीत त्यांसाठी हाताशी आहेत. तिन्ही ठिकाणी 'जप्ती' लिहिणारा अनुवादक कायद्याने आखलेली पायरी पुसून टाकतो.

हा भेद शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोहोचतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० नुसार कर्जाच्या हुकूमनाम्यापोटी जप्ती आली, तरी शेतकऱ्याची औते, न्यायालयाला आवश्यक वाटतील तेवढी जनावरे आणि बियाणे यांना हात लावता येत नाही. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्मरूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता न येणारे दागिनेही त्यातून वगळलेले आहेत. तोच बैल वनगुन्ह्यात सापडला तर गोष्ट वेगळी होते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ५२ प्रमाणे वनाधिकारी लाकूडफाट्यासह हत्यारे, गाडी आणि जनावरे ताब्यात घेऊ शकतो (हे सीझर), आणि कलम ५५ प्रमाणे ती सरकारजमा होण्यास पात्र ठरतात (हे कॉन्फिस्केशन). पहिल्या कायद्याने जो बैल वाचविला, तोच दुसऱ्याने गमावला. मराठी बातमीत दोन्हीकडे 'बैल जप्त' एवढेच येते.

मराठीला हे भेद ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. 'जप्त' हा अरबी मुळाचा शब्द. त्याचा मूळ अर्थ आवर, नियमन. अकबराच्या काळात तोडरमलाने बसविलेल्या मोजणीवर आधारित सारापद्धतीसही हेच नाव होते आणि त्यात कोणाचे काही हिरावून घेण्याचा प्रश्न नव्हता. मराठेशाहीत वतनाचा तंटा निकाली निघेपर्यंत वतन 'अमानत' करण्याची रीत होती. सरकारने ते सांभाळावे आणि निवाड्यात जो खरा ठरेल त्याच्या स्वाधीन करावे, हा तिचा हेतू. सीक्वेस्ट्रेशनला यापेक्षा नेमका प्रतिशब्द सापडणे कठीण. पण आज 'अनामत' म्हटले की निवडणुकीतील उमेदवाराची रक्कम तेवढी आठवते. 'खालसा'चे मूळही अरबीच, अर्थ शुद्ध वा निर्भेळ. ज्या गावाचा महसूल जहागीरदाराकडे न जाता थेट सरकारी तिजोरीत जातो ते गाव खालसा. मधला वाटेकरी दूर सारणे हा त्यातील गाभा आहे. संस्थान बुडविण्याचा अर्थ त्याला पुढे चिकटला.

याहून मागे गेले तरी हाच प्रश्न दिसतो. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्ये येथेच मिळाला. मुख्य शाखेतील दुसऱ्या प्रवरसेनाचा, राज्यवर्ष १८ चा, चम्मक ताम्रपट वऱ्हाडातच अचलपूरजवळचा. त्यात एक हजार ब्राह्मणांना दान दिलेल्या गावासाठी अटी घातल्या आहेत : राज्याशी द्रोह करू नये, चोरी व व्यभिचार करू नये, लढाई करू नये, अन्य गावांना उपद्रव देऊ नये. या अटी मोडल्यास राजाने भूमी परत घेणे हे 'अस्तेय' होय, म्हणजे ती चोरी नव्हे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. राजाने घेतलेलेही चोरी ठरू शकते, ही शंका राजशासनानेच गृहीत धरलेली आहे. हे फॉरफीचरचे निर्भेळ उदाहरण होय.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. १८५३ च्या मे महिन्यातील तहाने निजामाने हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, नळदुर्ग आणि रायचूर दुआब हे मुलूख कंपनीकडे सोपविले. तहातील क्रिया 'असाइन' ही आहे आणि प्रांताचे नावही पुढे 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असेच राहिले. जुन्या मराठीत याला 'फौजेच्या बेगमीस मुलूख लावून देणे' म्हटले असते. त्याच वर्षी ११ डिसेंबर रोजी शेजारच्या नागपुरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने ते राज्य खालसा केले. राजवाड्यातील जनावरे व जवाहीर लिलावात गेले. सरकारचे म्हणणे असे, की ही जप्ती नव्हेच, विक्रीचा पैसा भोसले कुटुंबाच्याच निधीसाठी आहे. राण्यांची संमती नसताना त्यांच्याच हितासाठी केलेल्या या विक्रीला कोणते नाव द्यावे, हा प्रश्न वाचकांवर सोपवितो.

एकाच गव्हर्नर जनरलच्या हातून, वर्षभराच्या आत घडलेल्या या दोन घटना आपल्या अनेक पुस्तकांत 'नागपूर व वऱ्हाड खालसा झाले' अशा एका वाक्यात बसविल्या जातात. परिणाम मात्र पूर्णतः भिन्न होते. नागपूरकरांना मागण्यासारखे काही उरले नाही. वऱ्हाड लावून दिलेला असल्यामुळे परत मागता येत होता. १८६० च्या तहात नळदुर्ग व रायचूर परत झाले, निजामाचे ५० लाखांचे कर्ज माफ झाले, वऱ्हाड तेवढा विश्वस्त म्हणून इंग्रजांकडे राहिला. पहिल्या सालारजंगाने त्याच्या परतीसाठी सातत्याने प्रयत्न केले. १९०२ मध्ये कर्झनने वार्षिक २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा करून घेतला, तोही निजामाचे सार्वभौमत्व मान्य करूनच. वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानाचा भाग नसल्यामुळे तेथील कायदे वऱ्हाडला आपोआप लागू होत नसत. ते स्वतंत्रपणे लागू करावे लागत. उस्मान अली खानाची मागणी १९२६ मध्ये रीडिंगने फेटाळली, तरी १९३६ च्या करारानंतर निजामाचा युवराज 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणवून घेत होता. जुना बासीम जिल्हा १९०५ मध्ये मोडला तेव्हा वाशिम व मंगरूळ अकोल्यास आणि पुसद यवतमाळच्या बाजूस गेले, तेही कागदोपत्री निजामाच्या मुलखातच.

हा गोंधळ भूतकाळापुरता नाही. उन्हाळ्यात टंचाई पडली की जिल्हा प्रशासन खाजगी विहिरींचे 'अधिग्रहण' करते. हे रिक्विझिशन होय : विहीर शेतकऱ्याचीच राहते, पाण्याचा मोबदला मिळतो, टंचाई सरली की ती मोकळी होते. जमीन कायमची घेतली जाते तेव्हा मराठीतील योग्य शब्द 'भूसंपादन'. हिंदीत मात्र त्यालाच 'भूमि अधिग्रहण' म्हणतात आणि आपली वृत्तपत्रे हल्ली तोच शब्द उचलतात. परिणामी परत मिळणारी विहीर आणि परत न मिळणारे शेत यांना एकच नाव पडते. जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला तेव्हा संपादनाच्या जोडीला थेट खरेदीचाही मार्ग होता. खरेदीत निदान कागदावर तरी विकणाऱ्याची संमती असते, संपादनात ती लागत नाही. गावातील बोलण्यात या सर्वांसाठी एकच क्रियापद आहे : 'रस्त्यात जमीन गेली.' त्यात घेणारा कोण, हे येत नाही.