निगेटिव्हची पेटी आणि फिल्म स्कॅनर

छायाचित्राची छापील प्रत पिवळी पडते, फाटते, कोणाच्या तरी अल्बममध्ये निघून जाते. मूळ दस्तऐवज असते ती निगेटिव्ह अथवा स्लाइड. कॅमेऱ्यातील प्रकाश प्रत्यक्ष जिच्यावर पडला ती हीच फिल्म होय. म्हणूनच जुन्या फिल्मचे संगणकात जतन करणे हा केवळ हौसेचा नव्हे, तर कुटुंबाच्या व समाजाच्या इतिहासाचा विषय ठरतो.

या तंत्राचा उगम १९५७ सालचा. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र फिरत्या ड्रमच्या यंत्राने संगणकात उतरविले. त्या चित्रात उभे १७६ व आडवे १७६ ठिपके होते. पुढे कित्येक वर्षे असे स्कॅनर मोठ्या छापखान्यांपुरतेच राहिले. १९९० च्या दशकात निकॉन, मिनोल्टा आदी कंपन्यांचे टेबलावर मावणारे फिल्म स्कॅनर आले आणि हे काम घरी करणे शक्य झाले. इंचामागे ४,००० ठिपके टिपणाऱ्या यंत्रातून ३५ मि.मी. फिल्मच्या एका चौकटीचे सुमारे २ कोटी १४ लाख ठिपक्यांचे चित्र मिळते.

या यंत्रांची मोठी करामत म्हणजे धूळ ओळखणे. रंगीत फिल्ममधील रंग अवरक्त किरणांना आरपार जाऊ देतात. धूळ व ओरखडे मात्र त्यांना अडवितात. डाग कोठे आहे हे त्यावरून यंत्रास कळते. कृष्णधवल फिल्ममध्ये चित्र चांदीचेच असल्याने ती स्वतःच हे किरण अडविते. त्यामुळे उदकमंडलम् येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' फिल्मवरील जुन्या कृष्णधवल चित्रांसाठी मऊ ब्रश, हवेचा फुगा आणि संयम हाच उपाय उरतो.

कापडाप्रमाणे फिल्मचा रंगही कच्चा वा पक्का असतो. कोडाक्रोम स्लाइडचा रंग अंधारात दीर्घकाळ टिकतो, पण प्रोजेक्टरच्या प्रकाशात लवकर उतरतो. अनेक जुन्या रंगीत निगेटिव्ह तर पेटीतच फिकट होतात. दमट हवेत बुरशी चढते. ॲसिटेटची फिल्म कुजू लागली की आंबट वास येतो आणि ती आक्रसते.

दुर्दैवाने साधनांचा काळही अल्प ठरला. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेरा व्यवसाय सोडला. कोडाक्रोमचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. निकॉनचे फिल्म स्कॅनरही २०१० च्या सुमारास बंद झाले. आज काही कंपन्यांचे स्कॅनर मिळतात. प्रकाशपेटीवर फिल्म ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने तिचे चित्र घेण्याची पद्धतही रूढ झाली आहे.

स्कॅन झाले म्हणून निगेटिव्ह टाकून देऊ नये. ती कागदी पाकिटात, कोरड्या व थंड जागी ठेवावी. संगणकीय प्रतीही दोन असाव्यात आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात. मुख्य म्हणजे प्रत्येक चित्रासोबत व्यक्तींची नावे, स्थळ व साल लिहावे. उडालेला रंग यंत्र बऱ्याच अंशी परत आणते. परंतु दुसऱ्या रांगेत उभे असलेले गृहस्थ कोण, हे फक्त घरातील वडीलधारेच सांगू शकतात. ते सांगणारे आहेत तोवरच पेटी उघडणे श्रेयस्कर.