पन्नास रुपये दंड आणि हाडं गिळणारा पक्षी

मंडळी, आज जरा लांबची गोष्ट. पण शेवटपर्यंत वाचा, ती आपल्या दारापर्यंत येते.

आसामात एक करकोचा आहे, हरगिला. म्हणजे हाड गिळणारा. मराठी माणसाला वेगळं समजावायला नको! पाच फुटांच्या आसपास उंची, टकलं डोकं, गळ्याखाली लोंबती पिशवी. मेलेली जनावरं, मासे, कचरा, सगळं खातो.

एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात हे पक्षी ढिगाने होते. गव्हर्नमेंट हाऊसच्या छतावर बसायचे आणि शहराची घाण फुकट साफ करायचे. इंग्रजांनी कायदाच केला. पक्षी मारला तर पन्नास रुपये दंड. तेव्हाचे पन्नास रुपये! पुढे कलकत्ता महापालिकेच्या बोधचिन्हावरही तो आला.

आणि तरीही तो कलकत्त्यातून गेला. का?

कारण तो जेवायला कलकत्त्यात यायचा, पण त्याची पिल्लं वाढायची ब्रह्मदेशात, पेगूच्या बाजूला. तिथली मोठी वसाहत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संपली. शहराची स्वच्छता सुधारली तसं इथलं अन्नही घटलं. दंडाने ताट राखलं, घरटं नाही.

आज जगातले बहुतेक हरगिला आसामात आहेत. कामरूप जिल्ह्यात ते लोकांच्या परसातल्या उंच झाडांवर घरटी करतात. खाली घाण पडते, वास सुटतो, म्हणून लोक झाड तोडायचे. 2007 मध्ये असंच एक झाड पडलं, घरट्यांतली नऊ पिल्लं खाली आली. ते पाहून पूर्णिमा देवी बर्मन यांनी पीएचडी लांबणीवर टाकली आणि गावातल्या बायकांना गोळा केलं. बायकांनी हरगिलाचं डोहाळजेवण केलं, गमछ्यावर-साडीवर तो विणला. पुढे दहा हजारांवर बायका जोडल्या गेल्या. दादरा, पचारिया, सिंगिमारी या गावांत घरटी 28 वरून 250 च्या वर गेली. हे काम दंडाने झालं नाही.

आता माझं सांगतो. आमच्या रस्त्याच्या रुंदीकरणात झाडं गेली, तेव्हा मी बातमीत झाडांचा आकडा दिला. त्यांवर घरटी किती होती, हे विचारलंच नाही. ती चूक माझीच.

तुमच्या दारातल्या झाडावर बगळ्यांची घरटी असतील, तर पिल्लं उडेपर्यंत तरी कुऱ्हाड थांबवा. आणि मला कळवा. या वेळी घरटी मोजून बातमी करतो.