हजेरीपटाबाहेरचीं माणसें

आमच्या पगारपत्रकांत दरमहा २०० रुपये व्यवसाय कर म्हणून वजा होतात; फेब्रुवारींत ३००. नवी मुंबईंतील बहुतेक नोकरदार घरांत या वजावटीकडे कोणी फारसें पाहत नाहीं. परंतु १९७५ सालीं हा कर बसविण्यांत आला तो एका विशिष्ट हेतूनें. खेड्यांतील रिकाम्या हातांस काम पुरविण्यासाठीं लागणारा पैसा मिळवत्या माणसांनीं द्यावा, आणि सरकारनें तितकीच भर आपल्या तिजोरींतून घालावी, अशी ती योजना होती. तेव्हां ज्या कार्याचे आपण नकळत वर्गणीदार झालों, त्याचें फळ काय निघालें हें विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाहीं. कामावर किती माणसें आलीं याची गणती हजेरीपटावर होते. पण त्या आंकड्याचा अर्थ कसा लावावा याविषयीं याच महाराष्ट्रांत एकदां भयंकर चूक झालेली आहे. तेथूनच आरंभ केलेला बरा.

१८७६-७८ च्या दुष्काळांत मुंबई इलाख्याच्या सरकारनें रस्ते, तलाव, खडी अशीं कामें काढलीं होतीं. १८७७ च्या जानेवारींत हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि सर रिचर्ड टेंपल यांचें काटकसरीचें धोरण इकडे लागू झालें. या गृहस्थांनीं १८७३-७४ सालीं बिहारमध्यें सढळ हातानें खर्च करून माणसें वांचविलीं, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती. या खेपेस त्यांनीं हात आंखडता घ्यावा हें मनुष्यस्वभावास धरूनच झालें! हलक्या कामावरील पुरुषाची मजुरी एक पौंड धान्याची किंमत व वर अर्धा आणा इतकी खालीं आली, आणि धडधाकट माणसांनीं घरापासून दूरच्या कामांवर जावें असा दंडक पडला. हजारों माणसें कामें सोडून निघून गेलीं. हजेरी घसरली, आणि जे गेले त्यांना खरी गरज नव्हती, असें अनुमान सरकारी बाजूनें काढण्यांत आलें. पुण्याच्या सार्वजनिक सभेस तें मान्य नव्हतें. तिनें जिल्ह्याजिल्ह्यांतून लोकांच्या हालांची माहिती गोळा केली आणि सरकारकडे पत्रांमागून पत्रें धाडलीं. सभेला अर्थशास्त्राच्या आधुनिक पद्धति ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. पण कामावर नसलेल्या माणसाचें काय झालें हें पाहिल्यावांचून कामाचें मोल ठरत नाहीं, इतकें तिनें ओळखलें होतें.

पुढें जवळजवळ शंभर वर्षांनीं याच भूमींत वेगळा विचार रुजला. विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं आपल्या तासगांव तालुक्यांत एक प्रयोग करविला. काम ही सरकारची मेहेरबानी नसून मागणाऱ्याचा हक्क आहे, ही त्यामागची कल्पना. १९७२ सालीं रोजगार हमी योजना जाहीर झाली, पण लागलीच मोठा दुष्काळ पडला. १९७३ च्या मे महिन्यांत दुष्काळी कामांवर सुमारें ५० लाख माणसें होतीं. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीं तर रोज किमान एक रुपया बेकारी भत्ता, असें त्यांत वचन होतें.

योजनेची परीक्षा अनेकांनीं केली. पुण्याच्या गोखले संस्थेतील कुमुदिनी दांडेकर व मंजू साठे यांनीं १९८० सालीं दाखविलें कीं, कामावर येणारीं माणसें बहुतांशीं खरोखरच गरीब असून त्यांत स्त्रियांचा वांटा फार मोठा आहे. घराजवळ काम मिळालें कीं बाया येतात, ही गोष्ट कोणत्याहि सासूनें सांगितली असती. पण ती सिद्ध होणें अवश्य होतें. याहून सूक्ष्म प्रश्न गौरव दत्त व मार्टिन रॅव्हेलियन यांनीं १९९४ सालीं विचारला: हीं माणसें या कामावर नसतीं, तर त्यांनीं काय मिळविलें असतें? सोलापूर जिल्ह्यांतील शिरापूर आणि अकोल्याकडील कानझरा या गांवांतील कुटुंबांच्या वर्षानुवर्षें ठेवलेल्या नोंदींवरून त्यांनीं हिशेब मांडला. मिळालेल्या मजुरीचा सुमारें पाव हिस्सा त्यांनीं एरवीहि मिळविला असता, असें निघालें. उरलेली कमाई निव्वळ योजनेची. मला हा हिशेब फार महत्त्वाचा वाटतो. योजनेचे स्तुतिपाठक सगळीच मजुरी तिच्या खात्यावर मांडतात आणि तिचे निंदक तिच्यामुळें शेतीचीं कामें ओस पडलीं म्हणतात. दोघांनाहि तो गप्प करतो.

आतां १९८८ कडे यावें. त्या वर्षीं शेतमजुरांचें किमान वेतन वाढलें आणि रोजगार हमीची मजुरीहि दुप्पट झाली. दुप्पट मजुरी मिळत असतां गर्दी व्हावयाची. हजेरी मात्र उतरली. १८७७ मध्यें मजुरी घटली म्हणून हजेरी घटली, आणि येथें मजुरी वाढून हजेरी घटली! केवळ हजेरीपट वाचणाऱ्यानें दोन्ही वेळां 'गरज कमी झाली' असेंच म्हटलें असतें. रॅव्हेलियन, दत्त व चौधुरी यांनीं १९९३ सालीं याचा उलगडा केला. काम मागणारे कमी झाले नव्हते. कामें वांटून, हात राखून दिलीं जाऊं लागलीं होतीं. 'हमी' हा शब्द कायद्यांत तसाच राहिला. मागणी नाकारली म्हणून द्यावयाचा तो एक रुपया तर फारच क्वचित् कोणाच्या हातीं पडला. तो द्यावयाचा म्हणजे मागणी आली होती हें लिहून ठेवणें भाग, आणि तें लिहिण्याची हौस कोणत्या कचेरीस असणार?

हा कायदा मुख्यतः खेड्यांपुरता होता. मोठ्या शहरांनीं पैसा भरावयाचा, इतकेंच. नेरुळच्या नाक्यावर सकाळीं मराठवाड्यांतून आलेले गवंडी, बिगारी, बाया डब्यांसह उभ्या असतात. ठेकेदाराची गाडी येते, कांहींना घेऊन जाते. दहाच्या सुमारास मी कॉलेजांत निघतों तेव्हां उरलेलीं माणसें डबे उचलून परत जावयास लागलेलीं असतात. त्यांचीं नांवें लिहून घेण्यास तेथें कोणी नसतो.