यंत्राची जबानी

आपल्या उर्वरित आयुष्याचा मोठा भाग आपल्याच प्रोग्राममधील चुका शोधण्यात खर्ची पडणार, ही जाणीव आपणास जिन्याच्या वळणावर अकस्मात झाली, असे केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. आणि त्यांच्या प्रयोगशाळेतील एडसॅक हे गणकयंत्र 6 मे 1949 रोजी प्रथम चालले त्यानंतर ती जाणीव तेथील सर्वांच्याच वाट्यास आली.

चूक शोधण्याचा सर्वांत स्वाभाविक मार्ग म्हणजे यंत्रासमोर बसून, कळ दाबीत, एकेक आज्ञा चालवून पडद्यावर स्मृतीतील अंक न्याहाळणे. परंतु सेकंदास 600हून अधिक आज्ञा पार पाडणारे ते यंत्र एकच, त्याच्या वेळेसाठी ताटकळणारे संशोधक अनेक. अशा स्थितीत एकाने यंत्र अडवून विचार करीत बसावे, हे परवडण्याजोगे नव्हते. म्हणून बिघडलेल्या प्रोग्रामच्या स्मृतीतील मजकूर टेलिप्रिंटरवर उतरवून घेण्याचा शिरस्ता पडला. तेथीलच स्टॅन्ली गिल यांनी तर अशी आज्ञावली रचली की, मूळ प्रोग्राम एकेक पाऊल चालत असता प्रत्येक आज्ञेचे अक्षर आपोआप छापले जावे. 1951 साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी ती तपशीलवार मांडली. जुन्या कचेरीतील रोजकीर्दीप्रमाणे तो कागद घेऊन तपासनीसाने आपल्या मेजावर बसावे, आणि यंत्र दुसऱ्याच्या कामास मोकळे व्हावे. आजच्या लॉगचे बीज मला येथेच दिसते.

पुढे एमआयटीत टीएक्स-0 या ट्रान्झिस्टरच्या यंत्रासमोर माणसास निवांत बसता येऊ लागले, तेव्हा थॉमस स्टॉकहॅम व जॅक डेनिस यांनी ‘फ्लिट’ हा डीबगर रचून, चालता प्रोग्राम हव्या त्या जागी, म्हणजे ब्रेकपॉइंटवर, थांबवून त्याची कैफियत घेण्याची सोय केली. केंब्रिजमध्ये जी चैन मानली गेली, ती येथे रीतसर विद्या झाली.

मात्र थांबविण्याचा अधिकारच जेथे नाही, तेथे काय करावे? जुलै 1997 मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार आपणहून पुन्हा सुरू होऊ लागला. संदेश पोहोचण्यास मिनिटे लागणाऱ्या त्या अंतरावर ब्रेकपॉइंट निरुपयोगी होता. पॅसाडिना येथील अभियंत्यांनी यानाच्या प्रतिकृतीवर, प्रत्येक घडामोडीची नोंद चालू ठेवून, तोच बिघाड पुन्हा घडवून आणला. आणि हवामानाची माहिती गोळा करणारे कनिष्ठ काम सामायिक साधन अडवून बसले असता मधल्या दर्जाची कामे त्याला बाजूला सारीत, त्यामुळे अधिक तातडीचे काम खोळंबे व संगणक पुन्हा सुरू होई, हा क्रम त्या नोंदींतून उघड झाला. क्षणार्धात घडणारी ही चढाओढ मध्येच थांबवून पाहिली असती, तर ती बहुधा दिसलीच नसती. म्हणून ज्याला डीबगर व नोंद या दोहोंपैकी एकच साधन बाळगता येईल, त्याने नोंद बाळगावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दुरुस्ती म्हणून पृथ्वीवरून त्या सामायिक साधनावरील कुलपाची मांडणी तेवढी बदलून पाठविण्यात आली, आणि यान पूर्ववत काम करू लागले.